एकदाच पुरे

माघातल्या सकाळी नीरेवरचे धुके भोरच्या घाटाच्या पायऱ्यांवर रेंगाळत असे, आणि त्या ओलसर शुभ्रतेतून यमूताईंचा स्वर आधी येई, यमूताई मागाहून. संस्कृत श्लोक गुणगुणत चालायची त्यांना सवय होती. स्वर घासलेल्या तांब्यासारखा, स्वच्छ आणि किंचित कठोर. मात्र श्लोकाचा शेवट त्या झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावे तसा हलकेच मिटवीत.

आम्ही दोघी मुलींच्या शाळेत शिकवीत असू. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या यमूताईंना त्यांच्या थोरल्या भावाने पुण्याला ठेवून बी. ए. केले होते. भाऊ आता हयात नव्हते, आणि यमूताईंना संस्कृत घेऊन एम. ए. व्हायचे होते. भोर संस्थानात शेतकऱ्यांकडून शेतसाऱ्याबरोबर शिक्षणाची पट्टी घेतली जाई, आणि तिच्यातून उच्च शिक्षणाला साहाय्य करणारे एक मंडळ होते. यमूताईंनी तिथे अर्ज केला. त्या दिवसांत त्या मला पानगळीनंतरच्या पांगाऱ्यासारख्या वाटत : अंगावर एक पान नाही, पण फांदीफांदीला तांबडी कळी.

मंडळाने त्यांना बोलावले. सोबत म्हणून मी गेले. लोडांना टेकलेले गृहस्थ, मध्ये पानाचे तबक, आणि अत्तर व तंबाखू यांचा मिसळलेला उग्र दर्प. आम्हाला 'बसा' म्हणावे असे कुणालाही वाटले नाही. अध्यक्ष रावसाहेब विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणाले, "एक पदवी झाली ना, बाई? मग दुसरी कशाला? बायकांचं कसं, एकदाच पुरे. पदवी काय, अन्..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडले. पुढे बोलण्याची गरज नव्हती. समोर एक विधवा उभी होती. हशा उसळला. पिकदाणीच्या काठावरून लाल ओघळ उतरत होता, आणि मला वाटले, या हसण्याचाही रंग हाच असावा.

वेल्ह्याकडचे सभासद कोंडिबा पाटील तेवढे हसले नाहीत. "ह्यात हसाया काय झालं?" ते म्हणाले. "पट्टी आमी भरतो. आमच्या पोरी ह्या बाईंनी शिकवल्या. द्या की त्यास्नी!"

"पाटील, हा नाचणीचा बाजार नव्हे," म्हणत रावसाहेबांनी पुढचा अर्ज उचलला. तो त्यांच्या भाच्याचा होता. तोही बी. ए.; त्यालाही दुसरीच पदवी हवी होती. आमच्या देखत त्याला मंजुरी मिळाली.

यमूताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घासात केस निघावा आणि माणसाने मुकाट्याने ताट सारावे, तशी थंड किळस होती.

"माझा अर्ज परत द्या," त्या म्हणाल्या.

"नामंजूर झालाय तो," कारकून म्हणाला.

"म्हणूनच. तो इथं राहायला नको."

तिथून त्या थेट घाटावर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या. पुन्हा पुन्हा, स्मशानातून परतलेल्या माणसासारखे. मी पाठीवर हात ठेवला तेव्हा म्हणाल्या, "शिकायचं राहिलं याचं दुःख सोसेन गं. पण यांच्यापुढं मी हात पसरला!"

भाचा यथाकाल एम. ए. होऊन आला. रावसाहेबांच्या साठीचे मानपत्र यमूताईंनी लिहावे, असा निरोप घेऊन तोच एकदा शाळेत आला. "तुमच्यासारखं संस्कृत इथं कुणाला येतं, ताई?"

"तुमच्या दोन पदव्या झाल्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिहा." आणि वर्गाकडे वळल्या.

संस्थान विलीन होण्याआधीच्या हिवाळ्यात त्या तापाने गेल्या. शोकसभा झाली. रावसाहेब गहिवरून बोलले. विदुषी म्हणाले, सरस्वती म्हणाले, या भूमीचे भूषण म्हणाले. म्हातारे कोंडिबा पाटील पागोटे सावरत मध्येच उठले. "चला बाई," ते मला म्हणाले, "हितं जीव गुदमरतोय." आम्ही बाहेर पडलो.

काळ दुःखाला मऊ करतो. किळसेला तो शिवत नाही. यमूताईंचा चेहरा आता माझ्या मनात पुसट होत चालला आहे, ती विशेषणे मात्र लख्ख ऐकू येतात. जिवंतपणी जे नाकारले ते मेल्यावर फुकट उधळणाऱ्यांची आठवण, ज्यांना नाकारले त्यांच्या आठवणीहून अधिक टिकावी, हाच काळाचा सर्वांत ओंगळ न्याय.