एका बिस्किटाने काय होतंय

माझी भाची गोटी अडीच वर्षांची आहे आणि ती दवाखान्याच्या कार्डात मावत नाही.

त्या कार्डावर तीन पट्टे छापलेत. खाली लाल, मध्ये पिवळा, वर हिरवा. लाल म्हणजे मूल वाळलंय, हिरवा म्हणजे बरं चाललंय. हिरव्याच्या वर नुसता कोरा कागद. आमच्या वस्तीतली पोरं तिथवर कशाला जातील, असं छापणाऱ्याला वाटलं असणार. गोटी गेली. सिस्टरनी कोऱ्या जागेत ठिपका काढला तेव्हा ताईने मला कोपराने ढोसलं. "बघ, पट्टा फोडून वर गेली." शाळेत पहिली आल्यासारखा चेहरा.

"हसू नका," सिस्टर म्हणाल्या. "हे जास्त आहे."

"बाळसं आहे हो ते."

"बाळसं तान्ह्या पोराचं. अडीच वर्षांच्या पोरीला जिना चढताना धाप लागते, त्याला बाळसं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

सिस्टरनी जरा विचार केला. "वजन," त्या म्हणाल्या.

मग चौकशी झाली. पोर काय खाते? बिस्किटं. का? तर ताई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे आणि दर शनिवारी तिथून पिशवीभर तुटकी बिस्किटं फुकट मिळतात. फळं फुकट देणारा कारखाना आमच्या ओळखीत नाही. सिस्टर म्हणाल्या, बिस्किटं बंद करा, तिला पळू द्या, तीन महिन्यांनी या. वजन कमी नाही करायचं, फक्त आहे तिथे थांबवायचं. उंची वाढली की आपोआप जमेल. नाही थांबलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल, दर आठवड्याला, सकाळी. ताईच्या कारखान्यात महिन्याला तीन खाडे झाले की चौथ्या दिवशी यायची गरज नसते. दाजी ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा उगवतात. मी लाँड्रीत इस्त्री करतो, दोन पाळ्या. म्हणजे गोटीचं वजन थांबलं तरच ताईची नोकरी टिकणार होती.

आधी पळण्याचं बघितलं. आमच्या खोलीत गोटी चार पावलं पळाली की पलंग लागतो, उलट पळाली की सिलिंडर. जिन्याला कठडा नाही. दिवसभर ती शेजारच्या काकूंकडे असते, आणखी चार पोरांबरोबर. काकू पोरांना मोबाइलसमोर बसवतात आणि हातात बिस्किट देतात, कारण खालच्या खोलीत रात्रपाळीचे वॉचमन काका दिवसा झोपतात आणि पोरं पळाली की काठीने छत ठोकतात.

मी काकांकडे बोलणी करायला गेलो. ते बनियनवर, डोळे लाल.

"चार ते पाच पळू दे," ते म्हणाले. "मी चहा पितो तेव्हा. पाचच्या पुढे एक पाऊल ऐकू आलं तर बघ."

करार झाला. रोज चार वाजता डोक्यावर पाच पोरं धावायला लागली आणि काकांचा चहा हलायला लागला. आठवड्याभरात त्यांना ते आवडायला लागलं. मग ते स्वतःच वर येऊन टाळ्या वाजवायला लागले.

बिस्किटांचा बंदोबस्त ताईने केला. पिशवी घरात आणायचीच नाही. शनिवारी खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वाटत यायची, वर पोहोचेपर्यंत हात रिकामे. वाटताना प्रत्येकाला बजावायची, "आमच्या गोटीला देऊ नका हं." सगळे म्हणायचे, "छे छे, आम्ही कशाला देतोय."

दोन महिने आमच्या डब्यांत बिस्किटाचा चुरासुद्धा नव्हता. गोटीचा फ्रॉक मात्र बगलेत उसवला. मी काकूंना विचारलं.

"मी बंद केलंय बाबा. तुझ्या ताईची शपथ. पण ते वॉचमन पळून दमलेल्या पोरांना एकेक देतात."

काका म्हणाले, "एका बिस्किटाने काय होतंय? आणि तुझ्या ताईनेच दिलेली आहेत. तिच्याच पोरीला नाही म्हणू? लाज वाटते."

ही लाज सगळ्या इमारतीला वाटत होती. तळमजल्यावरची शिवणकामवाली, इस्टेट एजंट, दुधाचा पोरगा, सगळ्यांना. ताई एक पिशवी खालून वर वाटत यायची आणि तीच पिशवी आठवडाभर, एकेक बिस्किट करून, गोटीच्या पोटात घरी यायची. ताईच्या मिठाला सगळे जागत होते.

ताईने सुपरवायझरला सांगितलं, मला पिशवी नको. तो म्हणाला, "सगळ्या घेतात. तू नाही घेतलीस तर मालक विचारेल, मालात काय खोट आहे. काय सांगू?" ताईने पिशवी घेतली. त्या शनिवारी तिने ती जिन्यात माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "तू काहीतरी कर." मी ती लाँड्रीत नेली. लाँड्रीवाल्याचं आमच्या शिवणकामवालीकडे जाणंयेणं आहे, हे मला गोटीच्या हातात तीच बिस्किटं दिसल्यावर कळलं.

तीन महिने झाले. दवाखान्यात रांग होती. ताईने गोटीला एकच पातळ फ्रॉक घातलेला, चपलासुद्धा बाहेर काढल्या, केसांतला चाप काढून माझ्या खिशात दिला. काट्यावर उभं केल्याबरोबर गोटीने भोकाड पसरलं आणि हलायला लागली. आकडा थांबेना.

"स्थिर उभी करा," सिस्टर म्हणाल्या.

ताईचा हात सवयीने पर्सकडे गेला आणि रिकामा परत आला. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढे झाली आणि गोटीच्या हातात अर्धं बिस्किट ठेवलं. गोटी गप्प झाली. आकडा थांबला. ताईने त्या बिस्किटाची नक्षी ओळखली, मीही.

आकडा वर होता, अगदी थोडा.

"सिस्टर, ते बिस्किट काढून परत बघा ना," ताई म्हणाली. "बिस्किटासकट आलंय ते."

सिस्टरनी ठिपका काढला. कोऱ्या जागेत, आधीच्याहून वर. मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली. रांगेकडे बघत, मान न वळवता, अगदी चांगल्या मनाने म्हणाल्या, "अहो, एका बिस्किटाने काय होतंय?"

ताईने गोटीला कडेवर घेतलं. घरचा जिना चढताना तिलाच धाप लागली. वार कुठला लिहिलाय, तिने विचारलं. मी चिठ्ठी वाचली. सोमवार.

"सोमवारीच पॅकिंगला माणसं कमी असतात, खाडा लगेच दिसतो," ताई म्हणाली.

गोटीने उरलेला तुकडा तिच्या तोंडापुढे धरला. ताईने तो खाल्ला. तेवढंच आमच्या हातात होतं.