रोमपर्यंतचा दोरा

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. आदिस अबाबातील एका विमान कंपनीच्या मार्ग आखणाऱ्या कचेरीत, कपाटाच्या माथ्यावर, माझा मुक्काम असतो. माझे अंग कागदाच्या लगद्याचे, आस पितळेचा आणि स्वभाव गर्विष्ठ. गर्वाला कारण आहे.

मी आलो तेव्हा समोरच्या भिंतीवर एक सपाट नकाशा होता. त्यात युरोप फुगलेला, आफ्रिका आकसलेली. कोणाच्या सोयीने, हे नकाशे सांगत नसतात. त्या काळी येथून आफ्रिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावरचे अक्रा गाठायचे तर आधी रोमला जावे लागे आणि तेथून पुन्हा आफ्रिकेतच उतरावे लागे. शेजाऱ्याकडे जाताना जुन्या मालकाच्या अंगणातून जाण्याची ही रीत परदेशी सल्लागारांना अत्यंत नैसर्गिक वाटे.

मार्ग आखणाऱ्या येशिमेबेत यांना ती तशी वाटेना. त्यांनी शालीच्या काठातून एक दोरा काढला, माझ्या अंगावर आदिसपासून रोमपर्यंत ताणून तेथेच तोडला आणि आदिसचे टोक न हलवता पश्चिमेकडे फिरवला. दोरा अक्रा ओलांडून समुद्राला टेकला.

"म्हणजे रोमला जायच्या आत आपण अक्रात?" त्यांचे वयस्क सहकारी लेम्मा म्हणाले.

"साडेपाच तासांत, गाशे." वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे गाशे म्हणतात.

सल्लागार हसले. "पण बाई, मध्ये आहे काय? जंगल नि वाळवंट."

"ते चालणाऱ्यानं बघावं. आपण उडणार आहोत."

एक चाचणी उड्डाण मंजूर झाले. फसले तर मार्ग कायमचा रद्द. वैमानिक होता येशिमेबेत यांचा धाकटा भाऊ देजेने. तुमच्या हिशेबाने सकाळी नऊला विमान उडाले. लेम्मांनी अक्रातील स्वागतमंडळाला मोठ्या हौसेने तार ठोकली: विमान साडेआठला पोहोचेल.

दुपारी बाराला उलट तार आली: साडेआठ वाजून गेले, विमान नाही.

"शोध सुरू करा," सल्लागार म्हणाले, "आणि हा मार्ग खोडा."

येशिमेबेत यांनी मला कपाटावरून खाली घेतले. त्यांनी दोरा माझ्यावर पुन्हा ताणला आणि निम्म्याच्या जरा पुढे, आफ्रिकेच्या पोटात, बोट टेकवले.

"तीन तासांत विमान इथवरच जाईल. गाशे लेम्मा, साडेआठ कुणाचे लिहिलेत?"

"आपलेच की, येशी. साडेआठ म्हणजे साडेआठ."

आमच्याकडे तास सूर्योदयापासून मोजतात. तुमचे दुपारचे अडीच म्हणजे आमचे साडेआठ. अक्राने ते आपल्या सकाळचे मानले होते; तेथील घड्याळ तीन तास मागे, म्हणून आमच्या दुपारी बाराला तेथे सकाळचे नऊ वाजले होते.

"पण विमान पडलं नाही, हे हा गोल कशावरून सांगतो?" सल्लागारांनी विचारले.

"ते तो सांगत नाही. पोहोचायची वेळ झालेली नाही, एवढंच सांगतो. बसा."

सारे बसले. अडीच वाजून गेले. मग तार आली: सुखरूप उतरलो, भूक लागली आहे, इथे इंजेरा मिळत नाही. देजेने.

"याला तारेतही जेवणच सुचतं," येशिमेबेत म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागल्या. मार्ग राहिला.

आज अंतरे पडद्यावर उमटतात. मला कोणी विचारत नाही. मित्रांनो, माझी तक्रार नाही, एक मागणे आहे. तुमच्या शाळेतला गोल कपाटावर धूळ खात असेल, तर त्याला खाली काढा, पुसा आणि फिरवा. त्याच्या अंगावर कोणाचाही देश मध्यभागी नसतो.