बारा खोल्या, एक प्लग

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोल्या बारा आणि विजेचा प्लग एक, तोही गुणाजीच्या भिंतीत. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलायला अख्खा मजला तयार होता, पण उपाशीपोटी नाही. कर्फ्यूचा तिसरा दिवस, कोळशाची वखार बंद. तेव्हा शेजारच्या गणपतने कुठूनशी विजेची शेगडी पैदा करून गुणाजीच्या प्लगात खुपसली, आणि नळावर लागते तशी टोपांची रांग लागली.

सातव्या भाताला प्लग तापला. आठव्याला तपकिरी झाला. नवव्याला त्यातून सुकट करपल्यासारखा वास यायला लागला.

"गणपत, बंद कर. भिंत पेटेल."

"नववा भात माझा आहे, गुणाजी. दहाव्याला बंद कर."

एवढ्यात रस्त्यावर गोळीबार झाला. समोरच्या फुटपाथवर एक माणूस आडवा पडला तो उठलाच नाही. पोलीस जिन्यात घुसले आणि दिसेल त्या डोक्यावर लाठ्या पडू लागल्या. नारळ फोडल्यासारखा आवाज वरपर्यंत येत होता.

नेमका तेव्हाच प्लगाने फस्सकन धूर सोडला.

गुणाजीची बायको मीराबाई हिने तीन दिवसांत अश्रुधुराची सात नळकांडी ओल्या गोणपाटाखाली घुसमटवून मारली होती. मजल्यावर तिच्या हाताला नाव होतं. धूर दिसताच तिने सवयीने बादलीतलं गोणपाट उचललं, धुरावर टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

ती थरथरायला लागली. दात कडकड वाजले, डोळे फिरले, पण हात सुटेनात.

"शिवू नका तिला!" गुणाजी ओरडला. मेन स्विच खाली जिन्यात, आणि जिन्यात पोलीस. गिरणीत चिकटलेल्या वायरमनला कोरड्या लाकडाने सोडवताना त्याने पाहिलं होतं. पण अश्रुधुराच्या धास्तीने मजल्याने सगळंच भिजवून ठेवलं होतं, बसायचे पाटसुद्धा.

दारात हवालदार उगवला. लाठी उगारलेली. कोरडी.

"हवालदार, हाणा! बायकोच्या हातावर हाणा!"

हवालदार थबकला. सकाळपासून त्याने तीसचाळीस माणसं न मागता फोडली होती. मागणी पहिल्यांदाच आली.

"कारण काय लिहू?" त्याने विचारलं.

गुणाजीने लाठी हिसकावली. पहिल्या फटक्याला मीराबाईचं उजवं मनगट गाजरासारखं मोडलं. दुसऱ्याला ती सुटून गणपतच्या भातावर आदळली. जिवंत होती. डोळे उघडले तर समोर खाकी वर्दी. तिने डाव्या हाताने टोप उचलला आणि हवालदाराच्या कपाळावर घातला.

"बाईमाणसाक मारतंस, मेल्या?"

कपाळावर रक्त आणि शितं घेऊन हवालदाराने गुणाजीला पकडलं. गुन्हा : सरकारी लाठी हिसकावणे. बायकोच्या मनगटाबद्दल त्याने काही विचारलं नाही. जिना उतरताना गुणाजीने मेन स्विच खाली ओढला.

"कुणी हात लावू नका रे याला!"

ते फाटकापाशी पोचले तोवर पोलीस पुढच्या चाळीत घुसले होते आणि जिना मोकळा होता. गणपत जिन्यात आला. "टोपाच्या तळाला थोडा उरलाय, तो तरी शिजू दे," असं स्वतःशीच म्हणत त्याने स्विच वर ढकलला. वीज बंद आहे म्हणून वर त्याचीच बायको सुभद्रा ते ओलं गोणपाट भिंतीवरून सोडवत होती.

किंकाळी फाटकापर्यंत आली.

गुणाजी थांबला. हवालदारही थांबला. त्याने वर पाहिलं, कपाळावरचं टेंगूळ चाचपलं आणि लाठी गुणाजीपुढे धरली.

"दोनच घाल," तो म्हणाला. "आणि आधी टोप लपव."