स्वखुशीची सही

सकाळचे साडेसहा वाजले होते. थोरली जाऊ धाकटीची वेणी घालत होती आणि धाकटी मांडीतल्या डब्याचं झाकण डाव्या हाताने बसवायची खटपट करत होती. चार महिने रोज हेच चाललं होतं. त्याआधी धाकटी स्वतःची वेणी इतक्या झपाट्याने घालायची की थोरली चिडवायची, "वेणी घालतेस की कॉलर शिवतेस गं?" आता तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

दोन वर्षांची लेक दारातून धावत आली आणि "घे" म्हणून आईसमोर दोन्ही हात वर करून उभी राहिली. धाकटी खाली बसली, डाव्या हाताने तिला कवटाळलं. पण उभं राहून उचलणं काही जमेना. लेक रडायला लागली तशी थोरलीनेच तिला उचललं. या दुखण्यात थोरलीचाही हात होता आणि ते आजवर दोघींपैकी कुणी बोललं नव्हतं.

दोघीही एकाच शर्टाच्या कारखान्यात. धाकटी कॉलरच्या लाइनवर शिवायची. थोरली ऑफिसात हजेरी मांडायची, म्हणून सगळ्या जणी तिला हजेरीताई म्हणत. थंडीत साथ आली तेव्हा कारखान्याने लस आणली. चांगलंच केलं, त्याला कोण नावं ठेवणार? साथीत शेजारच्या कारखान्यातली माणसं गेली, इथली वाचली. पण मॅनेजरसाहेबांनी एका सकाळी हजेरीताईकडून दोन कागद टाइप करून घेतले. पहिला फाटकावर लागला: 'लस घेतल्याशिवाय आत प्रवेश नाही.' दुसऱ्यावर प्रत्येकीची सही घ्यायची होती: 'मी ही लस स्वखुशीने घेत आहे. पुढील परिणामांस कंपनी जबाबदार नाही.'

एकाच मशिनवर, एकाच तासात. टाइप करताना तिला हसू आलं होतं, तेवढंच.

मग माल लवकर पाठवायचा म्हणून लाइन बंद करायची नाही असं ठरलं. बायकांनी मशिनवरून उठायचं नाही, नर्सच मागून येईल. हजेरीताई पुढे सह्या घेत चालली, तिच्यामागून नर्स. बाया बसलेल्या, नर्स उभी, बाही अर्धवट वर सारलेली, दर मिनिटाला एक सुई. धाकटीने पेन हातात घेऊन विचारलं होतं, "ताई, काही त्रास झाला तर कोण बघणार?"

"कंपनी बघेल की. कर सही, लाइन अडलीय," थोरली म्हणाली होती.

धाकटीची सुई खांद्यात फार वर गेली. दोन दिवसांत सांध्याला सूज आली, पंधरवड्यात खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, "लसीचा दोष नाही, सुई भलत्या जागी टोचली गेली. क्वचित होतं असं. वर्षभर उपचार घ्या, बराचसा सुटेल हात." वर्षभर कोण थांबतंय? कंपनीने आठ दिवस तिला दोरे कापायला बसवलं, मग "बऱ्या होऊन या" म्हणून घरी धाडलं. उपचाराचं विचारायला गेली तर मॅनेजरने तिच्यापुढे तिचीच सही ठेवली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

धाकटीने कामगार खात्याकडे तक्रार केली. आज तिथल्या अधिकारी बाई चौकशीला येणार होत्या.

आदल्या संध्याकाळी मॅनेजरने हजेरीताईला केबिनमध्ये बोलावलं होतं. खुर्ची पुढे केली, तेव्हाच ती सावध झाली. साहेब मवाळ आवाजात म्हणाले, "तुमची जाऊ आहे, मला कळतं. पण कारखाना म्हणजे आपलं घरच की. तुम्ही एवढंच सांगायचं, नोटीस नव्हती, विनंती होती. तुम्हाला कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे."

"बघते," ती म्हणाली. रात्रभर त्या 'बघते'ने तिला झोपू दिलं नाही.

आता वेणीला रिबन बांधताना ती एकदम बोलून गेली, "तुला 'कंपनी बघेल' असं मी म्हणाले होते. आठवतं?"

"आठवतं," धाकटी म्हणाली. "तुम्हाला तरी काय ठाऊक होतं, ताई. पण खरं सांगू? तुम्ही म्हणालात म्हणूनच मी सही केली." रागाने बोलली असती तर परवडलं असतं.

दहाच्या सुमारास मशिनं थांबली. लसीच्या दिवशी जी लाइन पाच मिनिटं थांबली नाही, ती आज अधिकारी बाईंसाठी थांबली. दोनशे बाया बाकांवर बसून होत्या. अधिकारी बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "इथे तर स्वखुशीने लिहिलंय. तुमच्यावर सक्ती झाली होती का? ज्यांना लस न घेतल्यास आत येता येणार नाही असं सांगितलं होतं, त्यांनी हात वर करावा."

एकही हात हलला नाही. कुणी नखं पाहिली, कुणी दोरा गुंडाळला. त्यांना तरी बोल कसा लावणार? घरी चूल त्याच हातांवर पेटते. डाव्या हातात दवाखान्याचे कागद धरून भिंतीशी उभ्या असलेल्या धाकटीने उजवा हात उचलायला घेतला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. तिने ओठ दाताखाली धरले.

मॅनेजर हजेरीताईकडे वळले. "या हजेरी मांडतात. सगळे कागद यांच्याच हातचे. विचारा यांना."

हजेरीताई उभी राहिली. तिने हात वर केला.

"सगळे कागद माझ्याच हातचे, हे खरं आहे मॅडम," ती म्हणाली. "सहीचा कागद मी टाइप केला, आणि फाटकावरची 'प्रवेश नाही' ही नोटीसही मीच. ती नंतर काढली, पण तिची प्रत माझ्या फाईलमध्ये आहे. ज्या दाराला कुलूप लावायचं, त्याच दाराशी स्वखुशी लिहून घ्यायची, असं झालं इथे. लस घ्यायलाच हवी होती. पण घ्यायला लावलीत, तर निस्तरायलाही हवं."

मॅनेजर काहीतरी म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही. कारण बटणवाल्या आजींनी हात वर केला होता. मग काजं करणारीने, मग कडेच्या दोघींनी. बाकीच्या अजून खालीच पाहत होत्या.

अधिकारी बाईंनी बोटाने मोजलं. "पाच," त्या म्हणाल्या आणि लिहायला वाकल्या.

"सहा लिहा मॅडम," हजेरीताई म्हणाली. तिचा हात अजून वरच होता. "भिंतीजवळची ती माझी जाऊ. तिचा हात वर येत नाही, म्हणूनच तर तुम्ही आलात."