शब्दांचे सांधे

यंत्राने पुन्हा ‘मॉर्गे-नावीस’ असेच म्हटले आणि गिरीशने हेडफोन काढून टेबलावर आपटला.

नॉर्वेजियनमध्ये ‘मॉर्गेन’ म्हणजे सकाळ, ‘आवीस’ म्हणजे वर्तमानपत्र. एकटे असताना ‘आवीस’ आपल्या शेवटच्या अक्षरावर जोर मागते. जोडशब्दात मात्र त्याने ‘मॉर्गेन’पुढे नमते घ्यायचे आणि तरीही सांध्यावर आपले वेगळेपण राखायचे. बॉथेल या अमेरिकी शहरातल्या या कंपनीच्या, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्राला ना सांधा सापडत होता, ना जोर. एक शब्द दुरुस्त करावा, तर शेजारचा बिघडे.

शेजारी अ‍ॅस्ट्रिडबाई मान हलवत होत्या. तरुणपणी नॉर्वेहून आलेल्या या बाईंनी उच्चार ऐकून होकार द्यायचा आणि गिरीशने ‘पास’चे बटण दाबायचे, अशी रीत होती. आज यंत्राचा आवाज पास झाला नाही, तर काम बंद. दोघांचीही नोकरी जाणार होती आणि गिरीशचा व्हिसा त्या नोकरीलाच टांगलेला होता.

मॅनेजर सुशांत नागपूरचा. तो दारातून पुन्हा डोकावला. “एवढं कोण ऐकतंय यार? पास करून टाक ना बाप्पा.”

गिरीशचा संयम सुटला. “अ‍ॅस्ट्रिड, तुम्हाला कधीच काही पटत नाही. वाचून दाखवणारं कुणीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का?”

बाईंनी आपला हेडफोन काढला. मग म्हणाल्या, “माझ्या बहिणीला दिसत नाही. बॅलर्डच्या वृद्धाश्रमात असते. इंग्रजी विसरत चाललीये. एवढीच भाषा उरलीये तिच्याजवळ. तीसुद्धा मोडकी द्यायची?”

घराचे हप्ते, मुलीची शाळा, सगळे गिरीशच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले आणि ‘नापास’चे बटण दाबले. सुशांत दारातून आत आला. लॅपटॉप शुक्रवारी जमा कर, एवढेच बोलला.

संध्याकाळी गिरीशने बाईंना बॅलर्डला सोडले. वर चल, म्हणाल्या, म्हणून गेला. बाईंनी खुर्ची बहिणीच्या खाटेजवळ ओढली, वर्तमानपत्र उघडले आणि मोठ्याने वाचू लागल्या. गिरीशला अर्थ लागत नव्हता. पण लांबच लांब शब्द कुठेही न अडखळता जात होते आणि बहिणीचे ओठ त्यांच्यामागून किंचित उशिराने हलत होते.

पान संपता संपता बाईंचा घसा बसला. बहिणीने चाचपडत पाण्याचा ग्लास शोधला, आवाजाच्या दिशेने पुढे केला, आणि रिकामा ग्लास परत हाती येईपर्यंत हात तसाच धरून ठेवला.