दुसऱ्या बाजूची शिट्टी

तबकडीला घरात सगळे तबकडीच म्हणत. त्याच्याकडे गाण्यांच्या सहाशे तबकड्या होत्या, आणि बोलतानाही तो एकाच ओळीवर अडकायचा. त्याचा जीव मात्र एकाच तबकडीत होता. एका रॉक बँडचा जाहीर कार्यक्रम, गर्दीच्या आवाजासकट जसाच्या तसा टिपलेला. दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं संपता संपता एक लांबलचक शिट्टी येते. ती दादाची. दादा त्या कार्यक्रमाला गेला होता. तो वारला त्याला नऊ वर्षं झाली, पण सुई टेकवली की तो हजर.

मग त्याच कार्यक्रमाची नवी, 'स्वच्छ केलेली' आवृत्ती निघाली. चांगली प्रत आली की जुनी काढून टाकायची, हा संग्राहकांचा धर्म. त्याने जुनी दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यात लावायला दिली आणि घरी येऊन नवी लावली. तिसरं गाणं संपलं. शिट्टी नाही. इतकी स्वच्छ केली होती, की दादासुद्धा धुतला गेला होता.

डॉक्टर काही परत देईनात. "अहो, ही लावली की पेशंट ओरडलेला बाहेर कळत नाही. सोडतो कसा?"

खुर्चीत पेशंट असल्याशिवाय ते ती लावत नसत. म्हणून तबकडी पेशंट झाला. सात महिन्यांत दोन दाढा भरल्या, एक काढली. काढलेली धडधाकट होती. ऐन शिट्टीच्या वेळी तोंडात कापूस असे, त्यामुळे धड रडताही येत नसे.

शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. "आता तुमच्या तोंडात माझं काही काम उरलं नाही."

तो दादाच्या घरी गेला. "वहिनी, तुमची दाढ दुखते ना?"

"नाही बुवा."

"दुखेल. चला."

वहिनी आ वासून खुर्चीत पडल्या. तबकडी कोपऱ्यातल्या स्टुलावर. तिसरं गाणं संपलं, शिट्टी वाजली. त्याने डोळे मिटले. वहिनींनी डॉक्टरांचा हात बाजूला सारला आणि चूळ भरली.

"भाऊजी, यासाठी आणलंत होय मला? अहो, यांना कुठे शिट्टी यायची? नुसतं फूफू करायचे."

"मग दादा?"

"शिट्टीच्या आधी कोणीतरी खोकलं ना, ते हे. औषध घेऊन चला म्हटलं होतं मी. ऐकतील तर शपथ."

"तुम्ही होतात तिथे?"

"शेजारीच. तुम्ही कधी विचारलंत?"

घरी येऊन तो बूटही न काढता बसला. मग नवी तबकडी लावली. तिसरं गाणं संपत आलं आणि खोकला आला. स्वच्छ, ठसठशीत, दोनदा. धुणाऱ्यांनी तो बहुधा ड्रम समजून ठेवला होता.

त्याने सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. जीभ आपसूक काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात गेली आणि तिथेच बसून राहिली.