उंबरदऱ्याचा पखवाज

मी एक जुना पखवाज आहे, मित्रांनो, पण अडगळीतला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच माळा येतो. माझ्यावर अजून दर एकादशीला थाप पडते. मी तापट आहे, थोडा मानी आहे आणि माझी देखभाल करणं सोपं नाही, हेही कबूल करतो.

माझी दोन तोंडं आहेत. उजव्या तोंडावर काळी शाई असते, ते टणटणीत बोलतं. डाव्या तोंडावर वाजवण्याआधी गव्हाची ओली कणीक थापावी लागते, मगच त्यातून घुमारा निघतो. कणीक नसेल तर मी रॉकेलच्या रिकाम्या डब्यासारखा वाजतो. भजन संपलं की कणीक खरवडून गाईला घालतात आणि पुढच्या वेळी नवी मळतात. दर वेळी पानावर बसून उपाशी उठणारा असा पाहुणा पाहिला नाही, असं आमचा गाणारा भिमाजी माझ्याबद्दल म्हणत असे.

माझं खोड खैराचं आहे. भीमेच्या उगमाकडच्या डोंगरात उंबरदरा नावाची वीस-बावीस घरांची वाडी आहे. तिथल्या दत्तोबाने तरुणपणी हे लाकूड स्वतः निवडलं, खांद्यावर टाकून पायी खेडला नेलं आणि कारागिरासमोर ठाण मांडून मला घडवून घेतलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच्या मांडीशी होतो. वाडीत बारसं असो की कुणाला पोचवायचं असो, दत्तोबा आणि मी हजर. त्याच्या हाताखाली वाडीतली पाच-सहा पोरं शिकायला बसली. बाकीची कंटाळून उठून गेली, ज्योतीराम तेवढा बसून राहिला.

मग एका हिवाळ्यात दत्तोबाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत तो चालायला लागला, पण डावा हात काही परत आला नाही. त्याच सुमारास पिंपरीला एक मोठा कारखाना उभा राहत होता. ज्योतीरामला तिथे काम मिळालं. निघताना तो पाया पडायला आला, तेव्हा दत्तोबाने मला उचलायला सांगितलं. "न्हे ह्याला," तो म्हणाला. "हितं कोण वाजवणार?" एवढंच बोलला आणि कूस बदलून झोपला.

अशा रीतीने मी भोसरीला आलो. यशोदाबाईंच्या पडवीला लागून ज्योतीरामची भाड्याची खोली होती. पहिली दोन वर्षं छान गेली. संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन जमायचं. कुरुळीचा शेतकरी भिमाजी गायचा. आवाज पहाडी, खाणं त्याहून पहाडी. एका लाकडाच्या ठेकेदाराची जीप चालवणारा रंगराव टाळ धरायचा आणि हमखास लयीच्या पुढे पळायचा. यशोदाबाई न सांगता कणकेचा गोळा पाठवायच्या. घरापासून लांब आलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

पण मग कारखाना वाढला. आज रात्रीची शिफ्ट, उद्या ओव्हरटाइम. ज्योतीराम घरी यायचा तो भाकरी खाऊन आडवा व्हायचा. मी खुंटीवर गेलो. माझ्या कातड्याच्या वाद्या सैल पडल्या, शाईवर धूळ बसली, आणि एक पाल माझ्या खोळीत सहकुटुंब राहायला आली. मी चिडलो होतो, मित्रांनो, पण झोपेतही आखडलेली त्याची बोटं पाहिली की चीड टिकत नसे.

ही बातमी डोंगरात कशी पोचली कोण जाणे. दिवाळी झाली आणि चाकणच्या बाजाराला आलेल्या वाडीच्या माणसाने निरोप आणला. दत्तोबाने सांगितलं होतं, "पखवाज खुंटीला लागलाय आसं आयकतो. आणून दे. मी बघतो, तुझा हात राहिला का गेला. गेला आसंल तर देवळात ठिवू."

ज्योतीरामने निरोप ऐकला आणि तो उठला. मग त्याने मला खाली काढलं, पालीला हात जोडून बाहेर वाट दाखवली आणि फडक्याने पुसायला घेतलं. त्याच्या खोलीत वळकटी होती, स्टोव्ह होता, चार भांडी होती. उंबरदऱ्याचं असं मी एकटाच होतो.

दोस्त असावेत तर असे. रंगरावने ठेकेदाराकडून दोन दिवसांसाठी जीप मागून आणली. मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली ती जीप होती. तिला दारं नव्हती, टपाच्या जागी ताडपत्री होती, आणि आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागे. ज्योतीराम मला मांडीवर घेऊन पुढे बसला. कुरुळीला भिमाजी रस्त्यावर उभाच होता, काखेत भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन.

"आरं, एक दिसाचा परवास," रंगराव म्हणाला, "आन् शिदोरी म्हैन्याची?"

"तुमाला काय, तुमी टाळ वाजवता," भिमाजी मागे चढत म्हणाला. "गाणाऱ्याचं पोट रिकामं आसलं तर वरचा सूर लागत न्हाई."

चाकणला चहा झाला. कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, तो रंगरावने गाडीवानांना नावानिशी हाका मारत मोकळा करून घेतला. खेडला भीमा ओलांडली. तिथे रंगरावने विचारलं, "ज्योतीराम, फुडं दुकान न्हाई राव. काय घ्यायचं का?"

"काय नको," ज्योतीराम म्हणाला. "घरीच तर चाललोय."

वाडा गावाच्या पुढे रस्ता असा नव्हताच. दगडांतून वाट काढत जीप चढू लागली. एका चढावर तिने वाफ सोडली आणि बसकण मारली. भिमाजीने ओढ्यावरून पाणी आणलं आणि तिघांनी मिळून ढकलली. मला तेवढा वेळ एका सपाट धोंड्यावर ठेवलं होतं. खालच्या खाचरांत कापलेल्या भाताचे भारे पडले होते, वारा गार होता, आणि सगळीकडे इतकं शांत होतं की मला तिघांचं धापा टाकणंही ऐकू येत होतं. माझ्या खैराचं रान तिथेच कुठेतरी वर असणार. इतक्या वर्षांनी त्या हवेत आल्याचा मला फार आनंद झाला, आणि भीतीही वाटली.

दुपार कलताना आम्ही पोचलो. दत्तोबा ओसरीवर बाजेवर बसला होता. किती वाळला होता! ज्योतीराम पाया पडला. दत्तोबाने त्याच्याकडे पाहिलं नाही. उजव्या हाताने माझी वादी तेवढी ओढून पाहिली.

"लाव," तो म्हणाला.

ज्योतीरामने हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून माझं उजवं तोंड सुरात आणलं. मग सवयीने हात पुढे करून म्हणाला, "काकू, जरा कणीक द्या." अंबूबाई, म्हणजे दत्तोबाची बायको, दारात उभी होती. ती हसली, पण त्या हसण्यात काळजी होती.

"कणीक? आरं ज्योत्या, हितं गहू कुठं पिकतो? ईसरलास व्हय?"

खरंच विसरला होता. दत्तोबा वाजवत असे त्या काळात दर बाजाराला खेडहून शेरभर गहू यायचा, तो फक्त माझ्यासाठी. माझं बोलणं बंद झालं तसा तोही बंद झाला. भोसरीत गोळा आपोआप समोर यायचा, म्हणून ज्योतीरामला खेडच्या दुकानासमोर उभं राहूनही आठवलं नाही.

वाडीतली माणसं जमू लागली होती. भिमाजी म्हणाला, "पीठ ते पीठ. नाचणीचं घ्या." अंबूबाईने नाचणीचं पीठ भिजवून दिलं. थापताना ते चिकटलं, पण पहिल्या थापेला त्याला भेगा पडल्या आणि दुसऱ्या थापेला ते रंगरावच्या धोतरावर उडालं. मग तांदळाचं पाहिलं. ते खडूसारखं भुरभुरलं. ज्योतीरामने तसंच वाजवून पाहिलं. माझ्यातून भद्द असा आवाज निघाला. पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दत्तोबाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "ठिवा देवळात," तो म्हणाला.

ज्योतीरामचे हात माझ्यावर तसेच राहिले. ह्या माणसाला नीट एक आवर्तनसुद्धा वाजवू न देता त्याचा निकाल लागत होता, आणि मी, ज्याने बोलायचं, तो मुका होतो.

तेवढ्यात आतून सून आली. तिचं नाव इंद्रायणी, माहेर चाकणचं. दिवाळीला माहेरी जाऊन ती नुकतीच परतली होती. आईने तिची ओटी गव्हांनी भरली होती आणि ते गहू फडक्यात गाठ मारून तिने टोपलीत जपून ठेवले होते. ती गाठ घेऊन ती सासूपुढे उभी राहिली.

"आत्याबाई, हे दळते."

अंबूबाई दचकली. "आगं, ओटीचं धान्य हाय ते. घराभाईर जाऊ देऊ न्हाई. तुझ्या आईनं तुझ्यासाठी घातलंय."

"भाईर कुठं जातंय?" इंद्रायणी हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पखवाजाचं लाकूड मामंजींनीच आणलं. ह्या घरातलाच हाय की त्यो."

अंबूबाईने तिच्या हातातली गाठ घेतली. मग ती जात्याशी गेली आणि खुंट्याला दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघींनी मिळून मूठभर गहू दळले. जात्याची ती घरघर ऐकताना मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे बोल नाहीत, आणि माझ्याकडे बोल बरेच आहेत.

त्या कणकेला पाण्याचा हात लावून ज्योतीरामने ती माझ्या डाव्या तोंडावर गोल थापली आणि थाप दिली. घुमारा ओसरीभर पसरला. हसणारी पोरं गप्प झाली. भिमाजीने पहिला अभंग उचलला, रंगरावने टाळ धरला आणि त्या दिवशी तो पुढे पळाला नाही. ज्योतीरामची बोटं पहिल्यांदा जडच होती. दोन जागी तो चुकला. मग कारखान्याचा शीण कुठल्या कुठे गेला आणि हात मोकळा झाला.

दत्तोबा भिंतीकडेच पाहत होता. पण त्याचा उजवा हात बाजेच्या कडेवर चालू लागला होता. आधी एक बोट, मग चारही.

"हिकडं आण," तो एकदम म्हणाला.

मला बाजेवर ठेवलं. दत्तोबाने उजवा हात माझ्या शाईवर टेकवला. किती वर्षांनी! बोल अगदी तसाच निघाला, स्वच्छ. पण लगेच डाव्या बाजूने उत्तर हवं होतं, आणि त्याचा डावा हात मांडीवर नुसता पडून होता. दत्तोबाने त्या हाताकडे पाहिलं.

ज्योतीराम उठला, बाजेच्या डाव्या बाजूला टेकला आणि त्याने आपला डावा तळवा माझ्या कणकेवर ठेवला. "घ्या नाना," तो दत्तोबाला म्हणाला.

दोघं मिळून मला वाजवू लागले. सुरुवातीला जमेना. एक घाई करी, दुसरा थांबे. भिमाजी शहाणा, त्याने एकच ओळ धरून ठेवली आणि पुन्हा पुन्हा घोळवत राहिला. मग कधीतरी ते दोन हात एकाच माणसाचे झाले. अंबूबाई दाराला टेकून उघड उघड रडत होती. दत्तोबाही रडत होता, पण त्याचा हात चुकला नाही. मी आजवर पुष्कळ वाजलो, मित्रांनो. तसा पुन्हा कधी वाजलो नाही.

सकाळी निघायची वेळ झाली. दत्तोबाचा निरोप 'आणून दे' असा होता, आणि ज्योतीरामने तो पाळला. मला खोळीत घालून दत्तोबाच्या घरातल्या खुंटीला स्वतःच्या हाताने अडकवलं, पाया पडला आणि मागे न पाहता जीपमध्ये जाऊन बसला. रंगराव हॅन्डल मारत होता, पण मनापासून मारत नव्हता, हे मला आतूनही कळत होतं.

मग बाज करकरली. पाय ओढत दत्तोबा आला, त्याने एका हाताने मला खुंटीवरून काढलं आणि अंबूबाईच्या हाती दिलं. तिने मला जीपपाशी आणून ज्योतीरामच्या मांडीवर ठेवलं. दत्तोबा उंबऱ्यातूनच बोलला.

"मी बघतो म्हणलं हुतं. बघितलं. हितं ऱ्हायला तर ह्याची पूजा हुईल, आन् पूजा झाली की वाजणं सपलं. घेऊन जा. आन् गहू घेऊन येत जा, पोरा."

इंद्रायणीने उरलेल्या कणकेचा लहानसा गोळा पानात बांधून ज्योतीरामच्या हातात दिला. घाट उतरताना भिमाजीने भाकऱ्यांचं गाठोडंसुद्धा सोडलं नाही.

त्यानंतर ज्योतीराम गहू घेऊन तीनदा उंबरदऱ्याला गेला. त्यातल्या चार ओंजळी तो आधी इंद्रायणीच्या पदरात घालायचा. चौथ्या वेळी गेलो तेव्हा बाज रिकामी होती.

आता ज्योतीरामचे केस पिकले आहेत. भोसरीच्या मारुतीपुढे अजून भजन होतं. शिफ्ट कुठलीही असो, एकादशीला तो मला खाली काढतोच. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य भिंतीला टांगलेलं असेल तर ते काढा, पुसा, वाजवा. येत नसेल तर ज्याला येतं त्याला देऊन टाका. देताना जीव तुटेल, तरीही द्या. दत्तोबाचाही तुटला असणार. मला इंद्रायणीच्या गव्हांनी वाचा दिली आणि दत्तोबाच्या हाताने सोडून दिलं, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

आणि भजनाला कधी आलात तर नीट पाहा. पहिलं आवर्तन ज्योतीराम एकट्या डाव्या हाताने वाजवतो. नवी माणसं विचारतात, बुवा, उजवा हात दुखतो का? तो मान हलवतो. माझी उजवी बाजू तेवढा वेळ तो मोकळी ठेवतो.